बिनमाशीचा जवळा

भामाच्या जवळ्यावर माशी टिकत नव्हती.

पनवेलच्या सुक्या मासळीच्या बाजारात आगोटीची झुंबड उडालेली. पावसाळ्याचे चार महिने पुरेल एवढं सुकं घरात भरायचं, म्हणून बाया पिशव्या घेऊन लोटल्या होत्या. गोदूबाईच्या ढिगावर माश्यांची जत्रा, पलीकडच्या बोंबलांवर जत्रा, आणि मधोमध भामाचा जवळा कसा लख्ख! बाया गोदूबाईला ओलांडून भामाकडंच वळत होत्या.

"काय गो भामा, माश्यांना काय शपथ घातलीस?" गोदूबाईनं टोमणा हाणला.

"तुझ्याकडं पाहुणचार चांगला, मंग माझ्याकडं कशाला येतील त्या?"

शेजारी बसलेली भामाची लेक हौसा फसकन हसली. आठवीतून नववीत गेलेली, सुट्टीत आईच्या हाताखाली आलेली. आईचा असा थाट तिनं कधी पाहिलाच नव्हता. तिनंही मग आवाज चढवून हाळी दिली, "या मावशी, या! निवडायची गरज नाय!"

तेवढ्यात एक माशी जवळ्यावर बसली. गरगरली, पंख फडफडवले आणि उताणी पडली. भामानं टिचकीनं ती उडवून दिली.

हौसा हाळी द्यायची थांबली. अशा उताण्या माश्या ती रोज सकाळी पडवीतल्या भिंतीखालून झाडून काढायची. शिमग्याआधी मलेरियावाले भिंतींवर औषध मारून गेले होते, तेव्हापासून.

"आई, मलेरियावाल्यांची पावडर टाकलीस ह्यात?"

"हळू बोल." भामानं इकडंतिकडं पाहिलं. "जरा भुरभुरवली. त्या पोरांनीच दिली, बदल्यात सुक्या वाकट्या घेऊन. वर कडक उन्हात घातलाय जवळा. घासलेटचा वास उडतो, तशी उडून गेली ती."

"उडाली, मंग माशी कशानं मेली?"

"तुला काय करायचंय? लोक धुऊन खातात."

"पाण्यात ती नुसती खाली बसते गो. तेलात विरघळते. मास्तरांनी वर्गात दाखवलंय. आन् जवळा कशात परततात?"

भामा काही बोलणार, तोच बिल्कीसबी समोर येऊन टेकली. बाजारामागच्या मोहल्ल्यातली, भामाचं जुनं गिऱ्हाईक. दर साली जवळा इथूनच न्यायची.

"भामाबाय, माझा हिस्सा काढून ठेवलास ना? घरात पोरांची पलटण. पावसात दुसरं काय वाढू त्यांना?"

तिनं पिशवीचं तोंड उघडलं. भामानं माप भरलं. एक माप पिशवीत पडलंही. दुसरं पडायच्या आत हौसानं पिशवीच्या तोंडावर आपला तळवा ठेवला.

"हात काढ," भामा दातओठ खाऊन म्हणाली.

हौसाचा हात काही हलला नाही.

"चाची, हा नका घेऊ. ह्यात डास मारायची पावडर हाय."

बाजार वळून बघू लागला. म्हणजे तेवढाच, पाच-सहा बायांचा. पण भामाला तो सगळाच वाटला असणार.

"तोबा!" बिल्कीसबीनं हात मागं घेतला. "भामाबाय, पोर काय बोलते?"

भामानं हौसावर हात उगारला. "मागल्या साली ढिगात अळ्या झाल्या, सगळं फेकून दिलं, तवा कोण आलेलं माझे डोळे पुसायला? आन् आज माझीच पोर..." हात तसाच वर राहिला. हौसा मागं सरली नाही. भामानं हात खाली घेतला आणि मापातला जवळा ढिगावर ओतून टाकला.

बिल्कीसबीनंही पिशवी उलटी केली, झटकली, आणि गोदूबाईकडं वळली.

"गोदूबाय, तुझा दे. माश्या बसल्यात त्यातलाच दे."

गोदूबाई खुशीत माप भरू लागली. "खाडीत ओत गो भामा तो, नि मोकळी हो."

"खाडीत?" हौसा ताडकन म्हणाली. "मंग फुडल्या साली जवळा कुठनं आणशील, मावशी?"

गोदूबाईचं माप अर्ध्यावर थांबलं.

भर दुपारी मायलेकी भरल्या पाटीनं घरी निघाल्या. भामा पुढं, डोक्यावर पाटी; हौसा मागं. वासानं कावळे घिरट्या घालायला लागले. हौसा रिकामी पिशवी गरागरा फिरवत आईभोवती पळत होती. "हुश्श! मराल रे मेल्यांनो! हुश्श!" येणारेजाणारे हसत होते.

जिथून एक वाट खाडीकडं उतरते आणि एक गावाकडं जाते, तिथं भामा थांबली.

"खाडीत नाय म्हणतेस. शेतात पुरू?"

"शेतातलं भात आपणच खातो."

"कोंबड्यांना?"

"आई!"

"जाळू मंग?"

"धूर आपल्याच नाकात."

"अगो, मंग टाकू तरी कुठं? एवढं शिकलीस, ते सांग की."

हौसानं खाडीकडं पाहिलं. शेतांकडं पाहिलं. लांब कर्नाळ्याच्या सुळक्याकडंही पाहून झालं.

"ते अजून नाय शिकवलं," ती म्हणाली. "पण शोधून काढीन."

भामानं पाटी खाली घेतली. आपल्या डोक्यावरची चुंबळ काढून लेकीच्या डोक्यावर नीट बसवली, आणि पाटी उचलून तिच्यावर ठेवली.

"सापडेस्तवर तूच घे."

हौसाचे गुडघे क्षणभर वाकले. मग तिनं मान ताठ केली, पाटीला धरलेले हात सोडले आणि आईच्या पुढं चालू लागली.