एकच पट्टा

अण्णा दारातच थांबले. टोपी काढून हातात धरलेली, आणि टेबलावरच्या डॉल्फिनकडे जाऊ नये म्हणून नजर छताला लावलेली.

"आधी सांग," ते म्हणाले, "हिच्या बरगड्या मोडल्यात का?"

ठकीने स्क्रीनवरून मान वळवली. ठकी हे तिचं घरातलं नाव. या संस्थेत तिला सगळे डॉक्टर म्हणत. किनाऱ्याला लागलेले मेलेले डॉल्फिन आणायचे, स्कॅनरमधून काढायचे आणि सुरी लावण्याआधी त्यांची हाडं काय म्हणतात ते बघायचं, हे तिचं काम. तिच्या वडिलांचं, अण्णांचं, काम खाडीत प्रवासी लाँच चालवायचं. पण गेले काही दिवस ते कंबर धरल्याचं निमित्त करून घरी बसले होते. ताटात नुसती बोटं फिरवत होते. आईने मलम चोळून चोळून अख्खी ट्यूब संपवली होती.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" ठकीने विचारलं.

"म्हणजे मोडल्यात."

खोटं बोलावं असं तिला वाटून गेलं. पण अण्णांशी खोटं बोलणं तिला आजवर जमलं नव्हतं. "मोडल्यात," ती म्हणाली.

अण्णांनी खिशातून लाँचची किल्ली काढली आणि तिच्या कीबोर्डशेजारी ठेवली. "त्या दिवशी धुक्यात खालून दणका बसला होता. इंजिन बंद करून पाहिलं, काही दिसलं नाही. दिसलं नाही म्हणून पुढे गेलो. आणि काल ऐकलं, डॉल्फिन किनाऱ्याला लागला. ही किल्ली मालकाला देऊन ये. यापुढे माझ्याच्याने होणार नाही."

पाण्यावर बसलेला पक्षी उठेपर्यंत लाँच थांबवणारा आणि त्यापायी प्रवाशांची बोलणी खाणारा हा माणूस. ठकी पुन्हा स्क्रीनकडे वळली आणि उरलेली चित्रं पुढे सरकवू लागली. उजवीकडच्या चार बरगड्या मोडलेल्या, हे तिने सकाळीच पाहिलं होतं. डावीकडच्याही चार मोडल्या होत्या. त्याच, अगदी समोरासमोर. तिचा हात थांबला.

"काय झालं?"

"अण्णा, हाड जिवंतपणी मोडलं की भोवती रक्त साकळतं, सूज येते. इथे बघा, काहीच नाही. बरगड्या ही मेल्यावर मोडल्यात."

"मेलेल्याच्या बरगड्या कोण मोडेल?"

'लाटांनी' हा शब्द अगदी जिभेवर आला होता. दोन पट्टे बांधल्याशिवाय डॉल्फिन क्रेनने उचलायचा नाही, एक डोक्याकडे, एक शेपटीकडे, हे संस्थेत सगळ्यांना दटावून शिकवणारी तीच. आणि काल भरती चढत होती, दुसरा पट्टा गाडीत राहिला होता.

"मी," ती म्हणाली. "एकाच पट्ट्यावर उचलली. तो आवळला गेला."

अण्णांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "लहानपणी भावाने फोडलेली काचसुद्धा तू अशीच अंगावर घ्यायचीस."

ठकी उठली. खुंटीवरचा पट्टा काढून तिने डॉल्फिनच्या अंगावर आडवा धरला. कातडीवर पुसट वळ होता. पट्टा त्यावर नेमका बसला. मोडलेल्या बरगड्या बरोबर त्याच्याखाली होत्या. अण्णा पाय ओढत जवळ आले. ओझ्याने आवळल्याचा वळ कसा दिसतो, हे नावाड्याला वेगळं सांगावं लागत नाही.

"मग तो दणका?"

"ओंडका असेल, काहीही असेल. मला माहीत नाही. पण ही नव्हती. हिच्या अंगावर दुसरी जखम नाही. फुप्फुसं कामातून गेलेली, दात झिजलेले, मणके एकमेकांना चिकटलेले. म्हातारी होती हो अण्णा. आजारी होती."

अण्णांनी टोपीने डोळे पुसले. मग त्यांची मान हळूहळू ठकीकडे वळली.

"एकाच पट्ट्यावर?"

"अण्णा, भरती..."

"भरती काय काल पहिल्यांदा आली? एवढा मोठा जीव एकाच पट्ट्यावर उचललास? शिकून सवरून हे दिवे लावलेस? गाडीपर्यंत जायला पाय झिजत होते?"

किल्ली त्यांनी कधी उचलली कोण जाणे, पण आता ती ठकीच्या नाकासमोर नाचत होती. ठकी मान खाली घालून ऐकत राहिली. चूक अहवालात लिहावी लागणार होती, ज्यांना दटावलं त्यांच्यापुढे कान धरावे लागणार होते. पण अण्णांचा हा आवाज कितीतरी दिवसांनी कानावर पडत होता, आणि तो असाच चालू राहावा असं तिला वाटत होतं.

बोलून दमल्यावर अण्णांनी किल्ली खिशात टाकली, टोपी काखेत धरली आणि डॉल्फिनच्या पाठीवर हात ठेवला.

"बाई," ते हळूच म्हणाले, "पोर जरा घाईची आहे, पण मनाने वाईट नाही. एवढ्या वेळी सांभाळून घ्या."