निरांजनाच्या उजेडात
भाऊबीजेला ऐन ओवाळताना खडकीच्या क्वार्टर्समधले लाइट गेले. अंधारात निरांजनाचं ताट धरून छोटी मैना थबकली. “आई, दादाचा एक डोळा मांजरासारखा चमकतोय!” “ओवाळताना भावाला नावं ठेवतात का गं?” प्रेमला लेकीवर खेकसली. मैना रडली, पण हेका सोडेना. शेवटी प्रेमलानंच ताट हाती घेऊन वाकून पाहिलं, तर त्याच्या एका डोळ्याची बाहुली खरंच पिवळट चमकत होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या जन्मतःच फुगलेल्या आहेत, झिरपताहेत; म्हणून ही चमक. फार क्वचित आढळतं. उशीर झाला असता, तर डोळा गेला असता. कोणाच्या लक्षात आलं?” प्रेमलानं मैनाला छातीशी धरलं. लेसरनं डोळा वाचला. पुढच्या भाऊबीजेला दादानं पाटावर मैनालाच बसवलं आणि ताट स्वतः उचललं. प्रेमलानं मुद्दाम दिवे मालवले. मैनाच्या डोळ्यांत निरखून तो म्हणाला, “आई, दोन्ही काळेभोर!”