मिठाच्या वाटेवरचे पंजे

जावई घरचं खातो आणि बाहेर सासूच्या कुळाची लाज काढतो, हे नुवामसीला कळलं तेही भर दुकानात, चार बायकांसमोर.

जावई कोयावेना हा वाळवंटातल्या कोरीव खडकांवर राखणदार होता. आल्यागेल्याला खडक दाखवायचा. पूर्वी त्यांच्या होपी जमातीतले पुरुष मीठ आणायला पायी जायचे, तेव्हा वाटेत या खडकांवर आपल्या कुळाची खूण कोरायचे. खेप झाली की खूण, आधीच्या खुणेशेजारी. जावयाच्या कुळाची मक्याची कणसं खडकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली. नुवामसीच्या कुळाचे अस्वलाचे पंजे मात्र बोटांवर मोजावेत एवढेच. आणि हा मेला पाहुण्यांना सांगायचा, "अस्वलवाले टरबुजाच्या मळ्यापर्यंत जायचे, पोट भरलं की माघारी!"

नुवामसीने घरी येऊन त्याचे जोडे, घोंगडी, कुदळ, सगळं गाठोड्यात बांधलं. होपींमध्ये घर बाईचं. नवऱ्याचं गाठोडं दाराबाहेर गेलं की नवराही गेला.

लेक तलासी त्या गाठोड्यावरच बसली. "आधी स्वतःच्या कानांनी ऐकून ये."

"येते. मग तू उठायचंस."

भाच्याच्या गाडीतून उतरून ती चढण चढली आणि पाहुण्यांच्या मागे, उंच दगडावर गुपचूप उभी राहिली. सगळ्यांची तोंडं खडकाकडे. कोयावेनाचं बोट नेमकं पंज्यांवर.

"आणि हे अस्वलवाले," तो हसत सुरू झाला, अन् अडखळला. घसा खाकरून म्हणाला, "यांच्या खुणा थोड्या का? तर हे लोक सगळ्यांचं मीठ वाहायचे. म्हाताऱ्यांचं, लंगड्यांचं, आमच्या मकेवाल्यांचंसुद्धा. कोरायला हात मोकळा नको?"

"आणि तुमचे लोक?" कुणीतरी विचारलं.

"आमचे रिकामेच. बसायचे कोरत."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. एका बाईने तर डोळे पुसले. नुवामसीची छाती फुगली. दुकानातल्या त्या चौघींना एकेकीला गाठून काय काय ऐकवायचं, तेही तिने ठरवून टाकलं.

पाहुणे पांगले, खडक मोकळा झाला. तेव्हा तिला दिसलं. सूर्य तिच्या पाठीशी उतरला होता, आणि तिची लांबलचक सावली, डोईच्या रुमालासकट, हातातल्या काठीसकट, थेट त्या पंज्यांवर पडली होती.

कोयावेना वळला. "अरेच्चा, आई! तुम्ही कधी आलात?"

नुवामसी दगडावरून खाली उतरली. त्याच्या नाकासमोर काठी आपटली.

"माझी सावली बघून खोटं बोललास, कळतं मला," ती म्हणाली. "गाठोडं सोडते तुझं. पण उद्यापासून मी नसतानाही अगदी हेच खोटं बोलायचं!"