आबांचा क्लच

चाळीस वर्षांचा तो ट्रॅक्टर गहिनीआबांच्याच पायाचं ऐकायचा. क्लचप्लेट पार झिजलेली. पेडल नेमकं कुठं पकडतं ते त्यांनाच ठाऊक. सून शीतल म्हणायची, "आबा, प्लेट बदलू या." ते विषय टाळायचे.

शेवटी चढावर ट्रॅक्टर हलेनाच, तेव्हा मिस्त्रीनं नवी प्लेट बसवली. आबांनी सवयीनं पाय सोडला आणि ट्रॅक्टर हिसका देऊन बंद पडला. तीनदा.

"मी बघू का?" शीतलनं विचारलं. आबा मडगार्डवर सरकले. तिच्या हातून ट्रॅक्टर अलगद निघाला.

शेताच्या वाटेला लागल्यावर आबा म्हणाले, "मुद्दामच बदलत नव्हतो गं. दुसऱ्या कुणाला चालवता येऊ नये म्हणून."

"माहीत होतं, आबा," ती म्हणाली आणि तिनं वेग कमी केला. "पुढं खड्डा आहे, नीट धरून बसा."