एक वाऱ्याचा

चेंडू हवेतच थांबला, मागे वळला आणि करवंदीच्या जाळीत शिरला.

"बघितलंस?" आप्पा ओरडले. "मी तिकडे मारला. वाऱ्याने इकडे आणला."

लवूने दोन्ही हातांनी टोपी धरली होती, म्हणून नुसतीच मान हलवली. खाली समुद्र पांढरा झाला होता. सड्यावरचा सातवा झेंडा काठीसकट आडवा पडला होता. जाळीतून चेंडू काढून भोकात घालेपर्यंत आप्पांचे सहा फटके झाले.

एकाचे फटके दुसऱ्याने लिहायचे, म्हणून लवूने आप्पांचं कार्ड काढलं. "सहा ना?"

"पाच लिही."

"पाच?"

"एक वाऱ्याचा. तो माझ्या नावावर कशाला?"

लवूने विचार केला. "मग मघाशी माझापण एक वाऱ्याचाच होता."

"होताच. मी काय नाय म्हणतोय?"

पुढच्या भोकांवर दोघांनी वाऱ्याचे आणखी काही फटके वगळले.

*

नियम, थोडक्यात. गोल्फमध्ये प्रत्येकाला आजवरच्या खेळावरून एक आकडा मिळतो, हँडिकॅप. आकडा जितका कमी, तितका खेळाडू चांगला. मैदान अवघड असेल तर ते आकड्यात आधीच धरतात. रत्नागिरीबाहेरचा हा सडा म्हणजे नुसता कातळ, गवत औषधालाही नाही. तो अवघडच धरला आहे. राहिला दिवस. दिवसाचा न्याय संध्याकाळी कॉम्प्युटर करतो. त्याला वारा कळत नाही. कार्डं कळतात, तीही निदान आठ हवीत. बहुतेकांचा खेळ नेहमीपेक्षा बिघडला, तर दिवस वाईट होता, सगळ्यांना सूट. सुधारला, तर दिवस सोपा होता. सगळ्यांच्या माथी एक फटका.

नियम संपला. वारा नाही.

*

आप्पा बोटीवर खलाशी होते. कप्तान बंदराबंदरात गोल्फ खेळायचे, पिशवी आप्पांच्या खांद्यावर. एकदा आप्पांनी विचारलं, "मी एक मारून बघू?" कप्तान हसले. पुढचा फटका स्वतःच मारला.

ते कप्तान आता गोव्यात असतात. पुढच्या महिन्यात तिथल्या सामन्यात उतरणार आहेत. आप्पांनाही त्यात उतरायचं होतं. सामन्याला हँडिकॅप अठराच्या वर चालत नाही. आप्पांचा जरासा वर होता, आणि नावं पाठवायची आज शेवटची तारीख. सकाळी वारा सुटला तेव्हा आप्पांना आनंदच झाला. सूट मिळणार. हापूस गळायला लागला होता, पण बाग बायकोवर, विमलावर, टाकून ते घरोघर गेले आणि लवूसकट सात जणांना सड्यावर घेऊन आले. सातही बागायतदार. "आंबा काय, पुढल्या वर्षी परत धरेल," आप्पा त्यांना म्हणाले.

*

पत्र्याची शेड. तिला सगळे क्लब म्हणतात. सेक्रेटरी समीक्षाने आठ कार्डं कॉम्प्युटरमध्ये भरली.

"अभिनंदन. सगळेच छान खेळलात."

कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

"म्हणजे आजचा दिवस सोपा होता."

डोक्यावरचा पत्रा दणदणला.

"सोपा?" सातांतला हर्षद म्हणाला. त्याच्या केसांत अजून पाचोळा होता.

"कॉम्प्युटर म्हणतोय. नेहमीपेक्षा सगळ्यांचाच खेळ सुधारलाय, म्हणून एकेक फटका वाढवलाय. आप्पा, तुमचा झाला अठरा पूर्णांक एक. तो फटका नसता, तर अठरात बसला होतात हो."

आप्पांनी सगळ्यांकडे पाहिलं. आठ जणांनी आपापला वारा आधीच वजा केला होता. कॉम्प्युटरसाठी कोणी काही शिल्लक ठेवलंच नव्हतं.

"हरकत घेता येईल," समीक्षा म्हणाली. "वारा होता असं कोणीतरी सांगा. मग एकेक कार्ड, एकेक भोक, समोरासमोर तपासूया."

लवू वाकून बुटाची नाडी बांधू लागला. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

"सांगा ना. होता वारा?"

दार धाडकन आपटलं. कोणी वळून पाहिलं नाही.

आप्पांना कप्तानांचं हसू दिसलं. मग सातवा झेंडा दिसला. मग लवूच्या हातातलं पेन.

"कसला वारा?" आप्पा म्हणाले. "झुळूक होती."

"झुळूकच," सगळे एका सुरात म्हणाले.

समीक्षाने कॉम्प्युटर बंद केला. तेवढ्यात आप्पांचा फोन वाजला. विमला. पत्र्याच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून आप्पांनी स्पीकर लावला. पलीकडेही सोसाटाच होता.

"अहो, सगळा आंबा खाली! आपलाच नाय, सगळ्यांच्या बागा धुतल्यान वाऱ्याने. तलाठी आलेत पंचनाम्याला. म्हणतायत, पंच आणा, सड्यावर उभं राहून वारा बघितलेले. तुम्ही आठ जण आहात ना तिथे?"