करवंट्यांचा नाच

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या आमच्या शॉमबर्गच्या फिलिपिनो लोकांनी चर्चच्या मैदानावर आपल्या गावाकडची जत्रा भरवली. प्रल्हादच्या ऑफिसातल्या रोहेलियोने आम्हा नवराबायकोला बोलावलं होतं. छातीला, पाठीला, मांड्यांना करवंट्या बांधून उघडेबंब पुरुष ठेक्यात त्या वाजवत एकमेकांवर धावून जात होते.

"हा युद्धाचा नाच," रोहेलियो म्हणाला. "नारळाचं दूध आटवलं की तळाशी गोड खरवड राहते. तिच्यावरून लढाई झाली होती म्हणतात."

प्रल्हाद माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "खरवडीसाठी युद्ध. आणि हे इंजिनिअर झालेले लोक ते इथे येऊन नाचून दाखवतात. लाज कशी वाटत नाही यार?"

शेवटी दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या गळ्यात हात टाकले. तेवढ्यात समोर शैलेंद्र दिसला. प्रल्हादने लगेच पाठ फिरवली.

"तुमची ओळख नाही?" रोहेलियोने विचारलं.

"चांगली आहे," मी म्हणाले. "इथे आमची दोन मराठी मंडळं आहेत. एकाचा अध्यक्ष हा, दुसऱ्याचा तो. आधी एकच होतं."

"मग फुटलं कशावरून?"

प्रल्हादने माझ्याकडे डोळे वटारले. मी सांगितलंच. "गणपतीच्या मोदकांत ओलं खोबरं घालायचं की पाकिटातलं सुकं, यावरून."

रोहेलियो हसला नाही. त्याने अगदी अदबीने विचारलं, "मग तुमचा नाच कधी असतो?"