भट्टीतला कागद

आज सासू रंगेहाथ सापडली, तर शिवरंजनीला माडीवर वेगळी चूल मिळणार होती. तसा शब्दच नवऱ्यानं, उमाशंकरनं, दिला होता. "एकदा डोळ्यांनी दाखव, मग मी आईचं काही ऐकून घेणार नाही," असं म्हणून तो दुकान नोकराच्या हाती सोडून घरी थांबला होता. कळंबच्या बाजारात सोयाबीनची आवक जोरात असताना आडत्यानं सकाळचं घरी थांबावं, यावरूनच घरातली धग कळावी. नवरा-बायको मधल्या खोलीच्या पडद्याआड उभे होते. बऱ्याच दिवसांनी दोघं इतके जवळ आले होते, तेही पाळत ठेवायला.

भांडणाचं मूळ ओट्यावर होतं. एअर फ्रायर ओव्हन. शिवरंजनी त्यात ज्वारीची बिस्किटं भाजायची. आधी ओव्हन रिकामाच तापवायचा. मग ट्रेच्या मापानं कातरलेला बेकिंग पेपर, त्यावर बिस्किटं, आणि मगच ट्रे आत. हा क्रम ती कधी चुकवत नसे. कागदावर वजन नसलं की आतला पंखा त्याला उचलतो, वरच्या लाल सळयांना नेऊन चिकटवतो आणि कागद पेटतो. हे तिनं सासूला, महादेवीला, नीट समजावून सांगितलं होतं. महादेवीनं मान डोलावली होती. तरी शिवरंजनी ओव्हन सुरू करून मधल्या खोलीतल्या फ्रिजमधून मळलेलं पीठ आणायला जायची, आणि परत येईतो जळका वास. आत काळी राख, बाहेर तूरडाळ निवडत बसलेली सासू.

"वाऱ्यानं गेला असंल गं आत," महादेवी म्हणायची.

दार उघडून आत शिरणारं आणि दार लावून बाहेर पडणारं वारं अख्ख्या कळंबात तेवढं एकच होतं.

मागच्या खेपेला आत चांगला जाळ झाला, तेव्हा सासू हे मुद्दाम करते, असा शिवरंजनीनं निकालच देऊन टाकला. उन्हाळ्यात, तिसऱ्या महिन्यात, तिचं पोटातलं गेलं होतं. गल्लीतल्या बायकांनी त्याचं खापर तिच्या स्कूटीवर फोडलं. येरमाळ्याला देवीला जाताना तिनं ती चालवली होती ना! महादेवीनं त्यावर व्हय म्हटलं नाही, न्हायही म्हटलं नाही. ते गप्प बसणं सुनेनं सासूच्या नावे मांडून ठेवलं होतं. आता सून बिस्किटांत जीव रमवते, तेही म्हातारीला बघवत नाही. हिशोब सरळ होता.

ओव्हनचा दिवा लागून थोडा वेळ झाला. महादेवीनं सूप बाजूला सारलं. इकडंतिकडं पाहिलं. ओव्हनचं दार उघडून तिनं कागद आत अंथरला, आणि दुपट्याच्या चुण्या मोडाव्यात तशा हातानं त्याच्या कडा सारख्या केल्या. चटका बसला तरी हात लगेच मागं घेतला नाही.

शिवरंजनी पडदा सारून पुढं झाली. तिनं आधी बटण बंद केलं, मग नवऱ्याकडं वळली. "बघितलंत ना? आत्याबाई, आता सांगा, कुठलं वारं होतं ते?"

"आई, घर पेटलं असतं," उमाशंकर म्हणाला. "हिनं तुझं असं काय घोडं मारलंय?"

महादेवी भाजलेली बोटं पदरात धरून उभी राहिली. उत्तर तिनं लेकाला दिलं नाही. सुनेला दिलं, चोरी पकडलेल्या पोरीसारखं खाली बघून.

"रिकामं तापवू न्हाय, बाई, घरातल्या कुशीला बाधतं. दाणं टाकले असते, पर तुझी बिस्किटं नासली असती. म्हणून कागद. आत कायतरी असावं, एवढंच."

"अहो, जुनं खूळ आहे ते!"

"असंल. पर त्या दिशी सकाळी म्या ग्यासवर तवा ठिवला अन् दारात शेजारणीशी बोलत बसले. लई येळ रिकामाच तापला गं. लाल झाला. अन् तासाभरात तुझ्या पोटात कळ आली. बाया स्कूटीचं म्हणायच्या. मला ठावं व्हतं, स्कूटी न्हाय. पर तोंड उघडंना. तुझ्यापुढं कुठल्या तोंडानं सांगू?"

शिवरंजनीनं जिंकलेला डाव तसाच सोडला. मग तिनं सासूचा हात ओढून नळाखाली धरला.

"आत्याबाई, डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, यात कुणाचाच दोष नसतो. गर्भच नीट धरला नव्हता. तव्याचं काही नाही त्यात."

महादेवीनं मान डोलावली. ओव्हनचं समजावलं तेव्हा डोलावली होती, अगदी तशीच. "व्हय माय," ती म्हणाली. "तू नगं मनाला लावून घेऊ."

खरं सांगायला फार उशीर झाला की ते समजूत घातल्यासारखंच ऐकू येतं.

डॉक्टरबाईंनी ते उन्हाळ्यातच सांगितलं होतं, नवरा-बायको दोघांना समोर बसवून. तेवढ्या एका वाक्यावर दोघं पोटभर रडले होते आणि हलके होऊन घरी आले होते. दारात महादेवी उभी होती. तिलाही ते सांगावं, हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. कुणाच्याच नावावर नसलेल्या त्या दोषाचा दंड तेव्हापासून ती एकटी भरत आली होती.